नामदेवच्या सलूनची बोलकी वेबसाइट

सलूनमधले केस रोज झाडून बाहेर टाकतात, किस्से मात्र तिथेच साचत जातात. वसमतला स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि शेजारी नामदेवचं सलून. दोन हजार आठ साली मी हौसेनं त्याची वेबसाइट केली, त्याचे किस्से आम्ही मित्र जमलो की अजून निघतात. नामदेव कारागीर उत्तम, पण संशयी इतका, की उसनं दिलेलं पेन परत आलं तरी आधी उघडून रिफील बघायचा.

साइटवर दुकानाचा फोटो बघून त्यानं पहिला प्रश्न केला, "यातून कुणी आत बघू शकतं का?" मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराला पडदा!

*

कांबळे सर कुरुंद्याचे. शाळेत संगीत शिकवायचे, जन्मापासून अंध. त्यांनी औरंगाबादहून एक सीडी आणली होती. तिच्यातलं सॉफ्टवेअर टाकलं की कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवायचा. एकदा क्लासवर येऊन त्यांनी नामदेवची साइट उघडायला लावली. कॉम्प्युटर बोलला, "चित्र. चित्र. चित्र." चौदा वेळा. कटिंगचे चौदा फोटो होते आणि शब्द एकालाही नव्हता.

आता मलाच शंका आली. "सर, तुमाला कटिंगचे फोटो काहून पायजेत?"

"माझा भाऊ मला सलूनात नेतो," सर म्हणाले. "कसे कापू, हे नामदेव त्याला विचारतो. तो म्हणतो, बारीक करा. चाळीस वर्षांचा झालो, मला अजून कुणी विचारलं न्हाई."

मला फार लाज वाटली. त्याच दिवशी फोटोंना शब्द द्यायला बसलो.

*

नामदेव सांगायचा, मी टाइप करायचो. चौदाही झाले. मग ताडून बघतो तर सातव्या फोटोत मानेवर रुळणारे केस, आणि शब्द होते 'मागून एकदम बारीक'.

"आमी मुद्दाम उलटं सांगितलं," नामदेव शांतपणे म्हणाला. "समोरचा सलूनवाला वाचून शिकला म्हंजे?"

चौदाच्या चौदा पुन्हा लिहिले.

*

एकदा साइटवरचा नंबर बघून कुणाचा तरी फोन आला, "दुकानाला पायऱ्या किती?" पायऱ्या गटारावर बांधलेल्या. नामदेवला वाटलं, नगरपालिकेचा माणूस. "पायऱ्याच न्हाईत," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तासाभरानं कुबड्या घेतलेला एक गृहस्थ तीन पायऱ्यांसमोर उभा! नामदेवनं मुकाट्यानं खुर्ची खाली आणली आणि रस्त्यावरच त्याची कटिंग केली. साइटवर मी 'तीन पायऱ्या' असं लिहिलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

*

सर खरंच अंध आहेत का, याचीही त्याला खात्री नव्हती. एकदा चप्पल बाहेर काढून तो क्लासमध्ये त्यांच्या मागे गुपचूप येऊन उभा राहिला.

"नामदेवराव, तंबाखू कमी करा," सर म्हणाले.

बाहेर येऊन तो माझ्या कानात, "बघितलं? दिसून राहिलं त्यांला."

*

मग सर भावाबरोबर कटिंगला आले. मी बाकावर पेपर वाचत होतो. नामदेवनं सवयीनं भावाला विचारलं, "कसे कापू?"

"बारीक करा."

"नऊ नंबर," सर म्हणाले. "भांग डावीकडून, कानावर दोन बोटं, मागं गोलाई."

साइटवरच्या नवव्या फोटोचे शब्द जसेच्या तसे. भावानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "ह्याला हे कोणी शिकवलं?" मी पेपर वर धरला. नामदेव कात्री घेऊन थांबला, भावाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि नऊ नंबर कापायला लागला.

झाल्यावर त्यानं रोजच्यासारखा छोटा आरसा सरांच्या मानेमागे धरला. मग चूक लक्षात आली आणि तोच आरसा त्यानं भावाकडे वळवला.

"बस, झालं," भाऊ म्हणाला.

"मला विचारा," सर म्हणाले.

नामदेव सरांकडे वळला. "कसे झाले, सर?"

सरांनी मानेवरून सावकाश हात फिरवला. "डाव्या कानामागं थोडं राहिलं."

नामदेवनं वाकून बघितलं. भाऊही उठून वाकला. नामदेवनं आरसा खाली ठेवला आणि कात्री परत उचलली.