विश्वासातला पत्ता

जुन्या कागदपत्रांच्या त्या संग्रहालयात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. लोकांनी विश्वासाने दिलेली खासगी पत्रं एका वेबसाइटवर ठेवली होती, तिची राखण त्यांच्याकडे. नियमही त्यांचाच. इमारतीतल्या नेटवर्कच्या पत्त्यावरून आलेल्याला साइट थेट आत घेई, बाहेरच्याला पासवर्ड विचारी. सख्ख्या भावालाही सूट नाही, असं ते अभिमानाने सांगत.

सूट त्यांनी बायकोला दिली. मुंगीच्या पायांसारखी अक्षरं लावण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. संग्रहालयातून निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसून पत्रं उतरवून काढत. पण अलीकडे त्यांना पासवर्ड आठवेना. चिठ्ठी लिहून दिली, तर ती इतकी जपून ठेवत की पुन्हा सापडत नसे. शेवटी काकांनी गुपचूप घरच्या इंटरनेटचा पत्ता साइटच्या विश्वासातल्या यादीत घातला.

दीड वर्ष सुरळीत गेलं. एका सकाळी साइटने काकूंना पासवर्ड विचारला. तीनदा काहीबाही टाइप करून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"अहो, मला काढलं का त्यांनी?"

"तुला कोण काढतंय?" म्हणत काका तपासायला बसले. इंटरनेट कंपनीने घरच्या नेटवर्कचा पत्ता बदलला होता. नवा पत्ता यादीत घालणं मिनिटाचं काम. पण जुना आता दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असणार, आणि त्या घराला सगळी पत्रं सताड उघडी होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

त्यांनी जुना पत्ता खोडला. नोंदी चाळल्या, परकं कोणी आलं नव्हतं. तरी दुपारी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना त्यांनी सगळं सांगितलं, काकूंच्या विसरण्यासकट. ते तर घरातही अजून कुणी उच्चारलं नव्हतं.

बाईंनी चांगलंच सुनावलं. घर यादीत पुन्हा येणार नाही, हेही बजावलं. मग काकूंनी उतरवलेलं एक पान उचलून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"त्यांनाच इथे घेऊन या ना. इथे बसणाऱ्याला कुठे पासवर्ड लागतो?"

सोमवारी काकू खिडकीजवळच्या आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. साइट काहीही न विचारता उघडली.

"बघा," त्या म्हणाल्या, "अजून ओळखतात मला इथे."

काकांनी त्यांचा चष्मा पुसून हातात दिला.