पाटलाचा वारा

करकंबच्या महिपतीनं पोटातल्या वाऱ्याचा जेवढा अभ्यास केला, तेवढा कुण्या वैद्यानंही केला नसेल. हुलग्याचा वारा वाजतो फार, पण निरुपद्रवी. हरभऱ्याचा आधी पोट दुखवतो, मग फसवतो. आणि पाटलाचा वारा कसलाही असो, तो पडतो गरिबाच्या नावावर. हा धडा त्याला विसाव्या वर्षी मिळाला.

महिपतीला बघायला पाहुणे आले होते. पसंती झाली, आता सुपारी फोडायची म्हणून सगळे गप्प झाले, आणि तेवढ्यात मधोमध बसलेले हिंदुराव पाटील वाजले. पाटलांनी सावकाश मान वळवून मागं बसलेल्या महिपतीकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. शेजारी बसलेल्या बापानं त्याचा गुडघा दाबला. पाटलाचं रान कसून खाणारा बाप, तो दुसरं काय करणार? महिपतीनं हात जोडले आणि चुकलं म्हणाला. पाहुणे सुपारी न फोडताच उठले, आणि पोरासोरांपासून सारं गाव त्याला पादरा महिपती म्हणू लागलं.

तो सोलापूरला पळाला आणि गिरणीत मागावर लागला. शेकडो माग एकदम खडखडत. त्यात कुणाचं काय वाजलं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तिथं त्याला बरं वाटे. पण गावी गेला की वेशीतच ते नाव वाट बघत असे.

चौतीस साली पाटील वारले. दहाव्याला महिपतीही ओढ्याकाठी जाऊन बसला. दुपार झाली तरी कावळा पिंडाला शिवेना. पाटलाच्या पोरांनी बहिणीला सांभाळायचं वचन दिलं, देवळाचं काम पुरं करायचं कबूल केलं. कावळा फांदीवरून हलेना. पाटलाचा जीव कशात अडकलाय ते महिपतीलाच ठाऊक होतं. अठरा वर्षं त्यानं तो अपमान गिळला होता. तो पुढं झाला.

"पाटील, सुपारीच्या दिशी आवाज तुमचा हुता. मी माज्या अंगावर घेतला. आता माजं नाव मला द्या, अन् तुमीबी सुटा."

कावळा सरळ खाली आला आणि घास घेऊन गेला.

सुटलो, असं महिपतीला वाटलं. त्याचे डोळे भरून आले. मग गावातला एक म्हातारा म्हणाला, "पाटील मोठ्या मनाचा माणूस. जाता जाता पादऱ्यानं घातलेला खोटा आळ बी अंगावर घेतला की." साऱ्यांनी माना डोलावल्या, पाटलाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी महिपती मागावर उभा राहिला आणि मोठ्यानं रडला. तिथं तेही कुणाला ऐकू गेलं नाही.