भट्टी कोणी बांधली

तशी रोटी मी नंतर कुठं खाल्ली नाही. आणि जिथं ती मिळत होती, तिथं मी पुन्हा पाय ठेवला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. खुर्सीपारला आमच्या झोपड्या. तिथंच माझ्या एका गाववाल्यानं हॉटेल काढलं होतं. हॉटेल म्हणजे वर टिना, बाजूला तट्ट्या, दोन बाकं. आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, एकाच गाडीनं आलेले. मी कारखान्यात लागलो, तो नाही लागला. तो आधी नागपुरात पावाच्या भट्टीवर होता, त्याला कणीक मळायचा नाद. रात्री भिजवून फुगवलेली कणीक तो हातानं थापून पसरवायचा, वरून चेचलेले टमाटर, लसूण, लाल मिरची, कांद्याच्या चकत्या, आणि लांब दांड्याच्या फळीवर ठेवून बाभळीच्या जाळावर तापलेल्या भट्टीत सरकवायचा. आता पोरं ज्याला पिझ्झा म्हणतात तो मीही खाऊन पाहिला. तोंड वाकडं करत नाही, पण आमच्या रोटीच्या कडेला जे फोड येत होते ते त्याला नव्हते.

ते फोड माझ्या भट्टीमुळे येत होते. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही.

त्याची पहिली भट्टी मातीची होती. पंधरा दिवसांत तडकली. रोटी वरून करपायची आणि आतून कच्ची राहायची. एका रविवारी मला म्हणाला, "तू त भट्ट्याच बांधून राहिला ना बे तिकडे? मले एक बांधून दे."

"मी इटा उचलतो," मी म्हटलं. "हेल्पर आहो मी."

"उचलता उचलता पाहत त असशील?"

पाहत होतो. आमच्या गँगमध्ये हेल्परनं थापीला हात लावायचा नाही असा मिस्त्रीचा नियम होता. मिस्त्री नागपूरकडचा, रेल्वेत इंजिनाच्या भट्ट्या दुरुस्त केलेला माणूस. काम चांगलं होतं त्याचं, खोटं कशाला सांगू. पण हेल्परनं थापी उचलली की म्हणायचा, "ठेव ते खाली, तुह्या बापानं धरली होती का?" माझ्या बापानं नांगर धरला होता. मी दुसरीपर्यंत शिकलो, सही करतो, बाकी सगळं डोळ्यांनी शिकलो. आगीच्या विटा कशा घासून बसवतात, सांधा किती बारीक ठेवतात, नवी भट्टी एकदम का पेटवत नाहीत, हे सारं डोक्यात भरून ठेवलं होतं. हाताला मात्र काहीच माहीत नव्हतं.

म्हणून मी हो म्हणालो.

कोहक्याकडच्या वीटभट्टीतून पक्क्या भाजलेल्या विटा निवडून आणल्या. एकेक वीट दगडावर घासली. सांधा पोस्टकार्डाच्या जाडीचा ठेवला, त्याच्या वर जाऊ दिला नाही. तळाखाली एक वीत मीठ, फुटक्या बाटल्यांची काच आणि राख. म्हणजे तळ ताव धरून ठेवतो. ही अक्कल गाववाल्याचीच, त्याच्या नागपूरच्या भट्टीतली. मिठाचं पोतं त्यानं दुर्गहून स्वतःच्या खांद्यावर आणलं. ओल्या रेतीचा घुमट करून त्यावर मी विटा लावल्या, आणि सुकल्यावर भट्टीच्या तोंडातून रेती उकरून काढली. घुमट उभा राहिला. मी आत हात घालून वर फिरवून पाहिला आणि, काय सांगू, लग्नातही मला असं वाटलं नव्हतं.

मग आठ दिवस लहान लहान जाळ, रोज थोडा वाढवत. तिसऱ्या दिवशीच गाववाला उड्या मारायला लागला.

"गिऱ्हाईक वापस जाऊन राहिलं! आज एक घाणा काढून पाहू ना."

"आठ म्हणजे आठ."

"तू मालक आहेस का बे?"

"आठ दिवस मीच आहो. नवव्या दिवशी तू होय."

नवव्या दिवशी पहिली रोटी त्यानं माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "बोल, काय देऊ तुले?"

मी म्हटलं, "काही नको. कोणी इचारलं, भट्टी कोणं बांधली, त माहं नाव सांगजो. बस."

तो हसला. "मंग काय दुसऱ्याचं सांगू?"

आणि सांगत होता, हे कबूल करतो. बरेच दिवस सांगत होता. "ह्या आमच्या गाववाल्यानं बांधली," म्हणून माझ्याकडं बोट करायचा, आणि मी भट्टीकडं तोंड करून बसायचो, पाठ करून कधी नाही. मिस्त्रीची अख्खी गँग तिथं जेवायला लागली. मिस्त्रीनंही एकदा ते ऐकलं. म्हणाला, "यानं? यानं इटा धुतल्या असतील." सगळे हसले. गाववाला थोडासा हसला. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

मग गँगमध्ये बातमी आली की कारखान्यातल्या नव्या भट्टीला आतून विटांचं अस्तर लावायला वेगळी टोळी करायची आहे. रशियन इंजिनीयर स्वतः काम पाहून माणसं घेणार. जो त्या टोळीत गेला तो मेसन, म्हणजे पक्का गवंडी, कायमचा. हेल्परही घेतील, हात पाहिजे. मी कोणाला काही बोललो नाही. पण रोज मनात एकच, माझा हात पाहायचा असेल तर खुर्सीपारला या म्हणावं.

आणि तो खरंच आला. रविवारी दुपारी मी कोपऱ्यात रोटी खात होतो. मिस्त्री त्या रशियन साहेबाला घेऊन आत शिरला, सोबत दुभाषा. साहेबाला भट्टीची रोटी आवडते असं कोणीतरी सांगितलं होतं. साहेब भला मोठा, लाल मानेचा. त्यानं आधी रोटी खाल्ली, मग दुसरी मागितली, आणि दुसरी भाजत असताना उठून भट्टीच्या तोंडाशी वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. बाहेरून एका सांध्यावर नख ओढून पाहिलं. मग दुभाष्याला काही बोलला.

दुभाषा म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, ये किसने बनाई?"

मी हातातली रोटी खाली ठेवली. हात पँटला पुसला. गाववाल्यानं माझ्याकडं पाहिलं. आमची नजरानजर झाली, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यानं मिस्त्रीकडं पाहिलं.

"मिस्त्रीजी ने," तो म्हणाला.

मिस्त्री स्वतःच दचकला. पण क्षणभरच. "हाँ साब," म्हणाला, "छुट्टी के दिन बनाई."

साहेबानं आणखी विचारलं. तळाखाली काय घातलं आहे? एवढा वेळ ताव कसा धरतो?

"रेती," मिस्त्री म्हणाला.

साहेबानं भुवया वर केल्या. दुभाषा म्हणाला, "सिर्फ रेती?" आणि तो मिस्त्रीला नाही, गाववाल्याला विचारत होता. मला वाटलं, आता. ज्याच्या खांद्यावरून मीठ आलं तो आता तरी बोलेल.

"हाँ जी. रेती ही है," गाववाला म्हणाला.

साहेबानं मिस्त्रीशी हात मिळवला. टोळी तूच निवड, असं त्याला तिथंच सांगितलं. मी अर्धी रोटी तशीच टाकून उठलो आणि त्यांच्या मधून बाहेर गेलो. कोणी हटकलं नाही.

पुढं लोकांनी मला विचारलं, तू का नाही बोललास? भ्यालो नव्हतो. पण ते त्यानं सांगायचं होतं, मी नाही. माझं नाव मीच ओरडून सांगायचं असेल तर मग त्याच्याकडून वचन कशाला घेतलं? मी वाट पाहत होतो. रेती म्हणेपर्यंत वाट पाहिली.

टोळीत मिस्त्रीचे दोन भाचे गेले आणि त्याची माणसं गेली. मी हेल्परच राहिलो.

तीन दिवसांनी गाववाला झोपडीवर आला. पळसाच्या पानात गुंडाळलेली रोटी घेऊन.

"मिस्त्रीची वीस माणसं रोज जेवतात माह्याकडे," तो म्हणाला. "तो उठला त मी काय करू? तू एकटा खातो."

"हाव. मी एकटा."

"तू कावून नाही बोलला मंग? तोंड नव्हतं तुले?"

"तोंडात रोटी होती."

"थुंकायची होती!"

"तुह्या हातची होती," मी म्हटलं. "थुंकली नाही."

तो रोटी उंबऱ्यावर ठेवून गेला. मी ती शेजारच्या घरी देऊन टाकली. त्यानंतर कामावर जाताना त्या गल्लीतून गेलो नाही, लांबून जायचो. गँगवाले चिडवायचे, "काय बे, गाववाल्याशी कट्टी? पोरी भांडतात तसे भांडता!" मी विटा उचलत राहायचो.

चार वर्षं गेली. मग मेसनची परीक्षा निघाली, ज्याला द्यायची त्यानं द्यावी. त्या दिवशी गेटापाशी पाहतो तर गाववाला. धुतलेला शर्ट, केसांना तेल.

"मी सांगतो साहेबाले," तो म्हणाला. "सारंच सांगतो. मीठ, काच, सारं."

"कोणत्या साहेबाले? तो त आपल्या देशाले गेला."

"जो असंन त्याले. मले आत घेऊन चाल."

"तू जाय. तुह्या रोट्या करपतील."

"गड्या, एकदा सांगू त दे मले!"

मी आत गेलो. एक कमान लावायला दिली. दुपारपर्यंत लावली. परीक्षेच्या साहेबानं तिच्यावर हातोडीची मूठ आपटून पाहिली आणि मला टेबलाकडं पाठवलं. तिथं मराठी कारकून होता. फॉर्म भरत म्हणाला, "यापूर्वी केलेलं विटेचं काम?"

खिडकीतून गेट दिसत होतं. गाववाला तिथंच उन्हात उभा होता. मी नुसतं बोट केलं असतं तरी कारकुनानं त्याला बोलावलं असतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"आजच्या आधी एक वीटही लावली नाही?"

"नाही."

"मग ही कमान कशी आली?"

"पाहून पाहून."

त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली. खाली मी सही केली. भट्टीबद्दल मिस्त्री खोटं बोलला होता, गाववाला बोलला होता, आता मीही बोललो. मला ते कळत होतं. तरी खोडून घ्या म्हणालो नाही.

बाहेर आलो तर तो पुढं आला. "काय झालं? भेटली का थापी?"

भेटली होती. पण त्याला मी सांगितलं नाही, दुसऱ्या कोणाकडून कळलं असेल तर असो.