मनालीची चौकशी

चौकशी आक्का ज्या गावाला कधी गेल्या नाहीत, त्या गावाची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. मनालीत भात बरा कुठे मिळतो, वरच्या खिंडीचा रस्ता कुठल्या वारी बंद असतो, कुठला घोडेवाला निम्म्या वाटेत अडून बसतो, हे सगळं त्या निपाणीतल्या आपल्या कट्ट्यावर तांदूळ निवडता निवडता सांगत. स्वतःचा प्रवास म्हणाल तर इकडे बेळगाव, तिकडे कोल्हापूर आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला लोंढ्यापर्यंत.

त्या आमच्या शेजारी. हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क होत्या. दिवसभर कानडीत पत्रं लिहायची आणि घरी येऊन आईचं दुखणं काढायचं, यातच त्यांची उमर गेली. लग्नाचं राहूनच गेलं. आई गेली तेव्हा रिटायर व्हायला वर्षभर उरलं होतं.

गल्लीतलं कुणी सहलीहून परतलं की तिसऱ्या दिवशी आक्का वही घेऊन हजर. पहिले दोन दिवस मुद्दाम सोडत. म्हणत, "धुणं तर वाळू दे की त्यांचं." मग एकेक प्रश्न. पाणी कसं, संडास कसा, चढ किती, गर्दी कधी. "जाहिरातवाला चांगलंच सांगणार गं. इचारायचं ते जाऊन आलेल्याला," हा त्यांचा कायदा. आणि त्यावर अपील नव्हतं. एका मास्तरांना उटीत पोट बिघडलं तर उटीवर फुली बसली ती कायमची. मास्तरांनी आदल्या दिवशी काय खाल्लं होतं हे विचारायचीही सोय नव्हती.

पाच वर्षांपूर्वी आम्ही चार जोडप्यांनी मनालीला जायचं ठरवलं तेव्हा अर्थातच आक्कांना गाठलं. दोन महिने त्या नुसत्या मनालीत होत्या. तिथल्या ड्रायव्हरला फोन लावून विचारायच्या, "भैया, ऊपर थंडी लई है क्या?" त्यालाही त्यांची सवय झाली असावी, कारण पुढं पुढं तोच फोन करायला लागला. शनिवार-रविवार टाळला. मंगळवारी खिंड बंद, म्हणून बुधवारी सगळे तुटून पडणार. तेव्हा आम्ही गुरुवारी, उजाडायच्या आत निघायचं. गाडीही त्यांनीच ठरवली, बारा सीटची. आठ माणसं आणि सामान ऐसपैस बसावं म्हणून.

हे सगळं लिहिलेला कागद माझ्या हातात देताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "तुमच्यात एक नववं माणूस बसतंय काय गं? मी कुठं बी कोपऱ्यात झोपीन. बर्फ तेवढा बघायचा हाय एकदा."

मी गडबडले. जोडप्यांच्या सहलीत त्यांना कुणाच्या खोलीत ठेवायचं, रात्री पत्ते मांडल्यावर त्या समोर कशा चालतील, असले विचार क्षणात डोक्यात येऊन गेले. खरं सांगायचं तर मला त्या नको होत्या. मी म्हटलं, "जागाच न्हाय ओ आक्का गाडीत. आणि तिथल्या उंचीवर तुमास्नी दम लागंल."

"व्हय, ते बी हायच," म्हणून त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप पुढं ओढलं.

मनालीत मी त्या बारा सीटच्या गाडीत चढले आणि मागच्या चार रिकाम्या सीटा दिसल्या, तेव्हा मला उमगलं, की हे आक्कांना माझ्याआधी ठाऊक होतं. माझ्या तोंडावर त्यांनी माझं खोटं खपवून घेतलं होतं. गुरुवारी आम्ही वर पोचलो तर चिटपाखरू नव्हतं. सगळा डोंगर पांढरा, आणि आमचे आम्हीच. बाकीचे फोटो काढत होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी आक्का वही घेऊन आल्या. कशी सांगणार होते मी त्यांना तो डोंगर? मला वाटलं, आपलं काही हुकलं नाही असं समजल्या तर त्यांना बरं वाटेल. म्हटलं, "काय न्हाय बघा तिथं. जत्रेसारखी गर्दी. बर्फ म्हणजे निव्वळ चिखल." त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

आठवड्यानं स्टँडजवळच्या तिकीटवाल्यानं मला हटकलं. आक्कांनी पुढच्या महिन्यात बायकांच्या एका सहलीबरोबर मनालीला जायचं नक्की केलं होतं, तिकीटही काढलं होतं, आणि आता येऊन रद्द करून गेल्या होत्या. "जाऊन आलेल्या माणसानं सांगितलंय म्हणाल्या," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण एक सांगायचं तर सगळंच उलगडणार, गाडीतल्या जागेचं खोटंही बाहेर येणार. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी टाळत राहिले. पुढं आक्कांचे गुडघे गेले, आणि भाची त्यांना बेळगावजवळ पिरनवाडीला आपल्या घरी घेऊन गेली. आता काठीशिवाय उंबराही ओलांडवत नाही.

गेल्या महिन्यात मनाचा हिय्या करून मी पिरनवाडी गाठली. आक्का खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून इतक्या हरखल्या, की माझा धीरच सुटला. तरी बोलले. गाडीत जागा होती हे बोलले.

"बारा शिटाची गाडी मीच ठरवलती की गं," त्या हसल्या. "तुमचं वय हसायखेळायचं. म्हातारी कशाला मधे? मी कवाच सोडून दिलं ते."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्या हसल्या म्हणून मला बळ आलं, आणि मी डोंगराचंही सांगून टाकलं. गर्दी नव्हती, चिखल नव्हता, तुम्ही सांगितलं होतं तसंच सगळं होतं, म्हणून.

आक्का गुडघ्यावरून हात फिरवू लागल्या.

"जागेचं ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "हे ठाऊक न्हवतं. चिखलच हाय म्हणून मी गप बसलेली इतके दिवस. हे सांगायला नको होतंस गं."

मग त्यांनी भाचीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, साखर जरा जास्त, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.