शिडीमामांचं हसू

आम्ही विनोदी नट एकमेकांच्या खिशात हात घालूनच मोठे झालो. केळ्याच्या सालीवरून घसरणं असो, की आरशात स्वतःऐवजी भलताच माणूस दिसणं असो. जुन्या सिनेमांत एकाने केलेलं पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या अंगावर दिसायचं, फक्त टोपी बदललेली. आमच्या नाटक कंपनीत मात्र याला नियम होता. दुसऱ्याचं काम घ्यायचं तर आधी त्याला विचारायचं, त्यात स्वतःची भर घालायची आणि त्याच्यासमोर करून दाखवायचं. तो हसला तर ते तुझं. नाही हसला तर विषय संपला.

शिडीमामांनी शिडी अशीच मिळवली होती, आपल्या म्हाताऱ्या गुरूला हसवून. दोन अंकांच्या मधली सात मिनिटं. रंगारी घरभर शिडी शोधतोय, दिसेल त्याला विचारतोय, आणि शिडी त्याच्याच गळ्यात अडकलेली. एरवी मामा नाटकात दार उघडायचे, पत्र आणून द्यायचे. जाहिरातीत त्यांचं नाव यायचं ते या सात मिनिटांच्या जोरावर. थोरली बहीण त्यांच्याजवळ राहायची. ती म्हणायची, "अख्ख्या जगाला दिसते, यालाच तेवढी दिसत नाही!" आणि स्वतःच पदर तोंडाला लावायची.

एकदा तालमीच्या वेळी मॅनेजर आले. "मामा, शिडी बंद करा. काल मागच्या रांगेतून ओरडत होते, सिनेमातली नक्कल म्हणून."

"कुठला सिनेमा?"

"कमाल करता! सगळे बघून आले. तो नवा विनोदी नट, डिट्टो तुमचं करतो."

"माझं करतो ना? मग नक्कल माझी कशी?"

"ते मला कळतं हो. तिकीट काढणाऱ्याला कोण समजावणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मामा मला ओढून घेऊन गेले. हाताची घडी घालून बसले. "बघ, मी हूं की चूं करणार नाही. मी हसलो नाही, म्हणजे शिडी माझीच. मॅनेजरांपुढे तू साक्षीदार."

पडद्यावर रंगारी आला. चाल मामांची, वळणं मामांची, मान तिरकी करणंसुद्धा. माझं डोकं तापलं. मामा दगडासारखे. मग रंगारी कंटाळून शेजाऱ्याकडे शिडी मागायला गेला. शेजाऱ्याने त्याच्याकडे नीट बघितलं, गळ्यातली शिडी काढली, त्याच्याच हातात दिली आणि म्हणाला, "उद्या आठवणीने परत कर हं." रंगाऱ्याने कमरेत वाकून आभार मानले.

शेजारच्या खुर्चीतून एक आवाज फुटला. मामा हसत होते. तोंडावर दोन्ही हात दाबून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम हात खाली घेतले. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. पायांकडे बघत बसले.

बाहेर उन्हात मी म्हणालो, "मामा, अंधार होता. कुणी बघितलं नाही. मी तर काही सांगणार नाही."

"मी ऐकलं ना रे."

"पण त्याने विचारलं कुठे? नियम त्याने मोडला!"

"मोडला. पण भर घातली. वीस वर्षं ती शिडी माझ्या गळ्यात आहे, शेजाऱ्याकडे जायचं मला सुचलं नाही." थोडं चालून ते थांबले. "ताईला सांगू नकोस, हसलो म्हणून."

त्यांनी त्या नटाला पत्र लिहिलं. मला वाटलं, खडसावलं असेल. वाचायला दिलं तर त्यात एवढंच होतं: 'आपली शिडी मी अधूनमधून रंगमंचावर करू इच्छितो. परवानगी असावी.'

"आपली?" मी ओरडलो.

"आता त्याची आहे. विचारायला नको?"

उत्तर आलं नाही. मामा रोज तालमीला आले की आधी पहारेकऱ्याच्या टेबलावरचं टपाल चाळायचे. मॅनेजर विरघळले, म्हणाले, "करा हो मामा, लोक विसरले तो सिनेमा." मामांनी नुसती नकारार्थी मान हलवली. जाहिरातीतलं नाव गेलं. बहिणीने शिडी का बंद केली म्हणून एकदोनदा विचारलं आणि मग तीही टोमणे मारायची थांबली.

शेवटची काही वर्षं मामा रंगमंचावरचे दिवे बदलायचं काम करत. शिडी तीच होती. गंमत म्हणून आमच्यातलं कुणीतरी हमखास विचारायचं, "मामा, माझी शिडी पाहिली का?" ती दोन्ही हातांनी छातीशी उभी धरून, कुठेही गळ्यात अडकणार नाही अशा बेताने, मामा दिव्याखाली जात.