दोन टॅब, एकच पत्ता

मंडळी, मी टॅबमधल्या वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिहितो. आज वाईजवळच्या एका शाळेत गेलो होतो. शिंदे बाईंनी टॅब वायफायला जोडला, की शेजारच्या वर्गातल्या टॅबचं नेट जायचं. "बाईंना टॅब जमत न्हाई," असं वर्षभर सगळे म्हणत होते.

पाहिलं तर दोन्ही टॅबचा हार्डवेअर पत्ता एकच. हा पत्ता प्रत्येक टॅबचा वेगळा असावा लागतो, त्यावरूनच नेटवर्क टॅब ओळखतं. चिपमधला खरा पत्ता वाचता आला नाही, की ड्रायव्हर सगळ्यांना एकच ठरलेला पत्ता द्यायचा. कोडमधली ती ओळ मीच चाचणीपुरती लिहिली होती. ती काढली, पत्ता वाचायचा कोड दुरुस्त केला. दोन्ही टॅब एकत्र चालले.

"म्हंजे माझं काय चुकत न्हवतं?" बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई, माझं चुकलं हुतं."

त्यांनी मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. म्हणाल्या, "आता ह्यांनाबी सांगा."

सांगितलं. तुमच्यावर कधी अशी वेळ आली आहे का?