टर्की फोर्कच्या तळ्याचा चौकीदार

ड्युरवुड हॅगूडने अलाबामात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. बसमध्ये पोरं त्याला टरकून असायची आणि निवृत्तीनंतर टर्की फोर्क तळ्यावरच्या मासेमारी क्लबच्या सभासदांची तीच गत झाली. तळं पंचवीस एकरांचं आणि सभासद साठेक. अध्यक्षपदाला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ते ड्युरवुडच्या गळ्यात पडलं आणि त्यानंतर त्याने ते कुणाला दिलंच नाही.

त्याचा कायदा एका ओळीचा होता: बास मासा धरा, त्याचा मुका घ्या, हवं तर फोटो काढा, पण बास पाण्यातच जाईल. पोरांना तो समजावायचा, "बाळ आहे ते. मोठं होऊ दे. तुला कुणी लहानपणीच तळून खाल्लं असतं तर?" पोरं रडवेली होऊन मासा सोडून द्यायची. एका रविवारी चर्चचे पाद्री ब्रदर लूमिस प्रार्थना आटोपून कोट-टायसकट गळ टाकायला आले, तेव्हा ड्युरवुडने त्यांची बर्फाची पेटी उघडायला लावली. आत सोड्याच्या दोन बाटल्या आणि एक सँडविच निघालं. ड्युरवुडने सँडविचही उलगडून बघितलं.

अशी पंधरा वर्षं गेली. बास वाढले ते संख्येने. गळ टाकला की मासा लागे, पण डोकं सुताराच्या हातोडीएवढं आणि मागे शरीर म्हणावं तर नुसतं शेपूट. वसंतातल्या स्पर्धेत सव्वा पौंडाच्या माशाला पहिलं बक्षीस मिळालं आणि जिंकणाऱ्याने ते लाजत लाजत घेतलं. शेवटी समितीने ड्युरवुडला न विचारता मत्स्यतज्ज्ञ बोलावली.

लॅट्रीस मॅब्री नावाची ती तिशीतली बाई होती. तिच्या नावेच्या नाकाडावर दोन लांब दांडे होते आणि त्यांतून पाण्यात वीज सोडायची सोय होती. ड्युरवुड नावेत चढला तोच हाताची घडी घालून.

"माझे मासे भाजणार का तू?"

"नाही हो मिस्टर ड्युरवुड. दोन मिनिटं गुंगी येते त्यांना. चर्चमध्ये प्रवचनाला येते ना, तशीच."

ड्युरवुडला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

वीज सुरू झाली आणि पाण्यावर पांढरी पोटं तरंगू लागली. लॅट्रीस जाळीने मासा उचले, लांबी मापी, वजन करी. बारा इंच. बारा इंच. साडेअकरा. बारा. चाळीस मासे झाले तरी सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. ब्लूगिल हे छोटे मासे म्हणजे बासच्या तोंडचा घास, पण त्यांची बोटाएवढी पिल्लं तर शोधूनही सापडेनात.

मग तिने चार बास कापून त्यांच्या कानातली इवलीशी हाडं काढली. झाडाच्या खोडासारखी त्यांवर वर्षांची वलयं असतात. प्रयोगशाळेतून तिने दोन दिवसांनी फोन केला.

"तो बारा इंची आठवतोय? सहा वर्षांचा आहे."

"कोण? ते बाळ?"

"बाळ नाही, चांगला प्रौढ आहे. उपाशी आहे, एवढंच. एका ताटावर चाळीस जण बसलेत आणि तुम्ही रोज आणखी पाहुणे परत पाठवताय. चौदा इंचांखालचे बास काढा. वर्षाला पाचशे पौंड, आठशेच्या आसपास मासे."

ड्युरवुडने फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसला. बायको नेल्डा चहा घेऊन आली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. पंधरा वर्षं मी त्यांना उपाशी मारत होतो, नेल्डा. आणि वर मुके घ्यायला लावत होतो."

नेल्डा त्याच्या शेजारी बसली. हसू तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

शनिवारच्या सभेत तो उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "माझं चुकलं. आजपासून प्रत्येकाने दर खेपेला दहा छोटे बास घरी न्यायचे. खायचे."

सभासदांना हा सापळा वाटला. ब्रदर लूमिसनी हळूच विचारलं, "ड्युरवुड, झुडपात लपून बघणार नाहीस ना?"

"नाही."

"मग ट्रकच्या टपावरून?"

सांगून कुणी ऐकेना, म्हणून त्याने स्वतःच सुरुवात केली. पहिला बास हातात घेऊन तो पाच मिनिटं धक्क्यावर उभा होता. नेल्डा ओरडली, "अरे, मासा आहे तो! तुझा मेव्हणा नाही!"

"मेव्हणा असता तर एवढा विचार केला नसता," ड्युरवुड म्हणाला आणि सुरी चालवली.

त्या उन्हाळ्यात हॅगूडांच्या घरी मक्याच्या पिठात घोळवून तळलेला बास सकाळ-संध्याकाळ होता. मग तो शेजाऱ्यांना वाटू लागला. सुरुवातीला लोक आभार मानत, नंतर त्याचा ट्रक दिसला की पडदे ओढून घेऊ लागले. शेवटी ब्रदर लूमिसनीच मार्ग काढला: दर बुधवारी चर्चच्या अंगणात तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर आणि सगळ्यांना मुक्तद्वार. त्यांची बुधवारची प्रार्थना आयुष्यात पहिल्यांदा भरली. ते ड्युरवुडला म्हणाले, "प्रभूने केलं नाही ते तुझ्या बासने केलं." आणि लगेच इकडेतिकडे बघून म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस."

दोन वर्षांनी लॅट्रीस पुन्हा नाव घेऊन आली. या वेळी जाळीत पंधरा, सोळा इंची बास आले, खांदे भरलेले, पोटं गोल. ब्लूगिलची पिल्लं काठाला ढगासारखी होती. ड्युरवुड प्रत्येक आकडा मोठ्याने पुन्हा उच्चारत होता.

तेवढ्यात धक्क्यावरून नेल्डाची हाक आली. तिने आयुष्यात गळ धरला नव्हता. वेळ घालवायला म्हणून बांबूच्या काठीला गांडूळ लावून बसली होती आणि आता काठी कमानीसारखी वाकली होती. सगळ्यांनी मिळून मासा वर ओढला. साडेसहा पौंड. टर्की फोर्कने एवढा बास बघितला नव्हता.

ड्युरवुडने माशाला आडवं धरलं, त्याच्या पोटाखाली तळवा दिला.

"हा ठेवायचा की सोडायचा?" नेल्डाने विचारलं.

"हा सोडायचा. असे थोडे हवेत तळ्यात."

"मग घाई कर. जेवायला कोंबडी केलीय."

"देवा, तुझे उपकार," म्हणत ड्युरवुड गुडघ्यांवर बसला आणि त्याने मासा पाण्यात सोडला. बासने शेपटी आपटून त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. चष्मा पुसायलाही न थांबता तो जेवायला निघाला.